यकृतावरील शस्त्रक्रिया आणि रक्तप्रवाहाचे नियमन

‘काळीज’ हा मराठी शब्द आज हृदय आणि धैर्य या अर्थी रूढ असला, तरी त्याचे मूळ यकृतवाचक संस्कृत ‘कालेय’ या शब्दात आहे. खाटकाच्या दुकानातील ‘कलेजी’ने हा मूळ अर्थ अद्याप सांभाळला आहे. चरकानेही रक्तवाही स्रोतसांचे मूळ यकृत व प्लीहा यांतच मानले होते. आधुनिक शारीरशास्त्राला हे मत जसेच्या तसे मान्य नाही. तथापि यकृत आणि रक्त यांचा संबंध किती निकटचा आहे, हे शल्यविशारदांना फार मोठे मोल देऊन शिकावे लागले.

यकृतातून दर मिनिटास सुमारे दीड लिटर रक्त वाहते. त्याचा सुमारे तीनचतुर्थांश भाग आतडी व प्लीहा यांकडून येणारी प्रवेशिनी नीला आणते. उरलेला यकृत रोहिणी. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुखने १८८८ मध्ये यकृताचा भाग कापून काढला, तेव्हा रक्तस्रावामुळे काही तासांतच त्याला रुग्णाचे पोट पुन्हा उघडावे लागले. पुढे १९०८ मध्ये ग्लासगोच्या जेम्स होगार्थ प्रिंगलने या दोन्ही वाहिन्या एकत्र चिमटीत दाबून धरण्याची युक्ती प्रसिद्ध केली. त्याला स्वतःला लाभलेले यश अल्पच. युक्ती मात्र टिकली. आज चिमटा साधारणतः पंधरा मिनिटे लावून पाच मिनिटे सैल करतात, कारण रक्तावाचून यकृताच्या पेशी फार काळ तग धरीत नाहीत.

परंतु आवक बंद करूनही रक्त वाहतच राही. असे का व्हावे? पेण तालुक्यात हमरापूरच्या बाजूचा खारेपाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे उत्तर अवघड वाटू नये. तेथे नुसते वरचे पाणी अडवून भागत नाही. भरतीचे पाणी खाडीतून उलटे शेतात शिरते, म्हणून बांधाला उघाडी ठेवावी लागते. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या नीलांना अशी उघाडी नाही. हृदयाजवळच्या महानीलेतील दाब वाढला, की कापलेल्या पृष्ठभागातून रक्त उलटे झिरपते.

म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना या दाबावर लक्ष ठेवणे अगत्याचे ठरले. मेलबर्न येथील शंभर शस्त्रक्रियांचा वृत्तान्त १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. दाब पाच सेंटिमीटर पाण्याइतका वा त्याहून कमी असता रक्तहानीचे मध्यक २०० मिलिलिटर होते. त्याहून अधिक असता ते १००० मिलिलिटर भरले. एवढ्या तफावतीचे श्रेय शल्यविशारदाच्या सुरीइतकेच भूल देणाऱ्या वैद्यालाही द्यावयास हवे, कारण यकृत कापून होईपर्यंत शिरेवाटे देण्याचे द्रव हात राखून देणे हे त्याचे काम. दाब फारच उतरला, तर उघड्या नीलेतून हवा आत ओढली जाण्याचा धोका असतोच.

नीला नेमक्या कोठून जातात हे यकृत कापण्यापूर्वीच दिसावे, यासाठी तोक्योच्या माकुउची यांनी श्राव्यातीत ध्वनीचे उपकरण शस्त्रक्रियेच्या मेजावर आणले. डॉप्लरने १८४२ मध्ये मांडलेल्या तत्त्वामुळे पुढे वाहत्या रक्ताची दिशा व वेगही त्याच उपकरणावर मोजता येऊ लागला.