निरोगी माणसाचा आकडा आणि गरिबाची रेषा

रोज किती प्रथिने, किती लोह, किती कॅलरी हव्यात याचे तक्ते आपण पाहतो. हे आकडे निरोगी लोकांच्या समूहासाठी असतात, एकट्या माणसाचे माप म्हणून ते कधी बनवलेच नव्हते.

निरोगी माणसांचीही गरज सारखी नसते. म्हणून प्रथिने आणि जीवनसत्त्वे यांची शिफारस सरासरी गरजेपेक्षा बरीच वर ठेवतात, म्हणजे जवळजवळ सर्वांचे, शंभरातल्या सत्त्याण्णवांचे भागते. कॅलरींचे तसे करत नाहीत, कारण जादा कॅलरी अंगावर चढतात. तिथे नुसती सरासरीच सांगतात. साहजिकच निम्म्या लोकांची गरज त्या आकड्याहून कमी असते, निम्म्यांची जास्त.

भारतात अशा शिफारशी प्रथम १९४४ साली इंडियन रिसर्च फंड असोसिएशनच्या समितीने केल्या. पुढे या आकड्याला वेगळेच काम लागले. १९७१ मध्ये पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ही गरिबीची सीमा मानली. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या गटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरी धरल्या.

संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी यावर हरकत घेतली. सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा? माणसामाणसांत फरक असतो, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते. त्यांच्या हिशेबाने कुपोषितांची संख्या खूप घटत होती. दांडेकरांचे उत्तर असे की, ही रेषा एकेकाची भूक मोजत नाही, ती कुटुंबांच्या गटाची ऐपत मोजते. टीकाकारांना भीती वाटे, सुखात्म्यांचे गणित सरकारच्या हाती पडले तर उपाशी माणूस कागदावरूनच नाहीसा होईल.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. मात्र सुखात्म्यांनी स्वच्छ पाणी आणि स्वच्छतेवर जो भर दिला, तो या वादात मागे पडला. तक्त्यातला माणूस निरोगी गृहीत धरलेला असतो. गढूळ पाण्याने वारंवार जुलाब होणारे मूल त्या तक्त्यात नसते. त्याच्या पोटात गेलेले अन्न अंगी लागत नाही. २००९ च्या तेंडुलकर समितीने दारिद्र्यरेषेची कॅलरींशी बांधलेली गाठ सोडली. त्या मुलाच्या घरी नळ आला का, हा प्रश्न मात्र आपण अजून विचारायला हवा.