घरात घडलेला स्वर

'क्वीन' या ब्रिटिश वाद्यवृंदातील ब्रायन मे यांच्या गिटारचा भरदार स्वर घरी साधू पाहणाऱ्या तरुणांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो, की तो स्वर मुळात घरातच जन्मला. नामांकित गिटार परवडेना. म्हणून १९६३ साली लंडनजवळ शाळकरी ब्रायन व वडील हॅरॉल्ड यांनी स्वतःच ती घडवायला घेतली. दांडीला शेकोटीच्या चौकटीचे जुने लाकूड, आत मोटारसायकलच्या स्प्रिंगा, खुणांसाठी शिंपल्याची बटणे! पुढे ट्रेबल बूस्टर, व्हॉक्स एसी-३० अँप्लिफायर आणि नखीऐवजी सहा पेन्सचे नाणे यांची जोड मिळाली. आज हे सारे, त्या गिटारच्या प्रतीसुद्धा, विकत मिळतात. वडिलांच्या सहवासात लाकूड तासण्यात गेलेली दोनेक वर्षे मात्र बाजारात मिळत नाहीत. आणि त्या स्वराचे मूळ आम्हांस तेथेच दिसते.