डांसांचें गोत्र

डांस हा माशीच्याच गोत्रांतला आहे, असें म्हटलें तर पुष्कळांस तें पटणार नाहीं. एक कानाशीं गुणगुणून रक्त पितो, दुसरी ताटावर येऊन बसते. साम्य तें कोणतें? परंतु भिंगाखालीं धरून पाहिलें म्हणजे दोघांसही चारांऐवजीं दोनच पंख आढळतात, आणि मागच्या पंखांच्या जागीं टांचणीच्या डोक्यासारख्या दोन लहान गांठी दिसतात. उडतांना तोल सांभाळणें हें त्यांचें काम. एका प्राचीन पूर्वजांत मागचे पंख असे आखडले, आणि तो बदल ज्यांस वारशानें मिळाला ते सर्व एका वंशाचे, असें शास्त्रज्ञ मानतात. शरीराच्या खुणांवरून वंशावळी लावण्याचा हा उद्योग कोणास रिकामपणाचा वाटेल. गोंदियाकडील लोकांस तसें वाटण्याचें कारण नाहीं.

गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळा निघाला. इंग्रजी अमदानींत हा सारा मुलूख मध्यप्रांतांत मोडत असे. जिकडे तिकडे तळीं आणि भाताच्या बांध्या, पूर्वेस देवरी-सालेकसाकडे रान व डोंगरी ओढे. पाणी विपुल, आणि त्याच्या जोडीला हिवतापही जुना. या तापाचे जंतु डांसाच्या जठरांत वाढतात, हें रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबादेस दाखविलें. मग प्रश्न उरला तो हा, कीं अनेक जातींच्या डांसांत खरा अपराधी कोण?

त्याचा तपास मध्यप्रांत-वऱ्हाडांतच नेटानें झाला. डॉ. लिस्टन यांनीं एलिचपुरास वर्षभर अ‍ॅनॉफिलिस डांसांच्या संवयी न्याहाळून १९०१ सालीं त्यांची हकीकत छापली. हेच लिस्टन पुढें मुंबईस प्लेग व उंदरांवरील पिसवा यांच्या संशोधनामुळें प्रसिद्धीस आले. त्याच वर्षीं डॉ. जाइल्स यांनीं होशंगाबादच्या एका डांसास 'अ‍ॅनॉफिलिस क्यूलिसिफेसीज' असें नांव दिलें. नांवाचा अर्थ 'क्यूलेक्सच्या रूपाचा'. अ‍ॅनॉफिलिस बहुधा मागचें अंग उंच करून तिरका बसतो. हा मात्र साध्या क्यूलेक्सप्रमाणें भिंतीशीं समांतर बसतो. रूप असें गरिबाचें, आणि मध्य हिंदुस्थानच्या खेड्यापाड्यांत हिवताप पसरविणारा मुख्य डांस हाच ठरला!

रूपावर विसंबावें तर असा घात होतो, म्हणून कोणत्या खुणेवर विश्वास ठेवावा याचा विचार सुरू झाला. थिओबाल्ड या इंग्रज पंडितानें १९०१ पासून आपल्या मोठ्या ग्रंथांत पंखांवरील व अंगावरील खवल्यांच्या आकारावरून अ‍ॅनॉफिलिसचे अनेक वंश पाडले. मांडणी मोठी सुबक होती; पण खवले दूरच्या कुळांतही सारखे निपजूं शकतात. हिंदुस्थानांतील हिवतापाच्या अभ्यासांत हयात घालविलेल्या क्रिस्टोफर्स यांनीं १९१५ सालीं नराच्या जननेंद्रियांची रचना तपासली. शेपटाच्या टोंकाशीं जी पकड असते, तिच्या बुडाशीं कांहीं डांसांत बहुधा दोनच जाड कांटे असतात. क्यूलिसिफेसीज ज्या गटांत मोडतो त्यांत चार-सहांचा झुबका असतो. वरचे ठिपके व खवले कितीही पालटले तरी ही आंतली खूण सहसा पालटत नाहीं. थिओबाल्डचे बहुतेक वंश पुढें मोडींत निघाले, हें योग्यच झालें.

एक खूण खरी आणि दुसरी फसवी कां, याचा नियम स्पष्टपणें मांडला तो माश्यांचाच अभ्यासक असलेल्या विली हेनिग या जर्मनानें. दुसऱ्या महायुद्धांत तो इटलींत हिवतापाच्या बंदोबस्ताच्या कामावर होता. १९४५ सालीं ब्रिटिशांच्या कैदेंत त्यानें आपल्या ग्रंथाचा खर्डा केला, व तो १९५० सालीं छापून निघाला. दूरच्या पूर्वजाकडून सर्वांसच मिळालेली खूण जवळचें नातें सिद्ध करीत नाहीं. मधल्या एखाद्या पूर्वजांत नव्यानें उपजून त्याच्याच संततींत उतरलेली खूण तेवढी करते, असें त्याचें म्हणणें. सहा पाय सर्वच कीटकांस असतात. त्यावरून डांस माशीच्या जवळचा कीं झुरळाच्या, हें कसें ठरावें? तें ठरवितात त्या मागच्या दोन गांठी. आडनांव एक म्हणून भाऊबंदकी ठरत नाहीं, हें आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिणाऱ्यांस सांगावयास नकोच.

इतकेंही करून शरीररचनेची दृष्टि एके ठिकाणीं अडतेच. १९८० सालीं ग्रीन व माइल्स यांनीं गुणसूत्रें तपासून क्यूलिसिफेसीज ही एक जाति नसून निदान दोन आहेत असें दाखविलें; १९९९ पर्यंत ही संख्या पांचांवर गेली. या पांच बहिणींचे पंख, ठिपके, सोंड यांवरून त्यांस वेगळें ओळखणें अशक्यप्राय आहे. तरी त्यांतील 'ब' ही मुख्यतः गुरांच्या रक्तावर राहून हिवताप क्वचितच पसरविते, आणि बाकीच्या चौघी तो पसरवितात. गोठ्यांतील डांसांची नुसती मोजदाद करून फवारणीचें ठिकाण ठरविलें, तर निरुपद्रवी बहिणीवरच औषध खर्ची पडण्याचा संभव असतो. डोंगरपायथ्याच्या वाहत्या ओढ्यांत वाढणाऱ्या फ्लुविअ‍ॅटिलिस डांसाचीही तीच कथा: त्यांतली एक जाति माणसाच्या रक्ताची भुकेली, दुसरी गुरांच्या, आणि भिंगाखालीं दोघी अगदीं सारख्या.