कल्याणच्या पलीकडचा लोहमार्ग : बेलवली परिसराच्या नागरीकरणाचा एक अध्याय

लोहमार्ग आला आणि नगर वाढले, हे विधान महाराष्ट्रातील नगरांच्या इतिहासलेखनात इतक्या वेळा पुनरावृत्त झाले आहे की त्याची शहानिशा करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. बेलवलीच्या बाबतीत मात्र ते सरळ लागू पडत नाही. बदलापूरच्या पश्चिमेस उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेल्या या गावाच्या परिसरातून आगगाडी धावू लागली ती १८५६ साली. मुंबईचे उपनगर म्हणता येईल अशी वस्ती येथे झाली ती त्यानंतर सव्वाशे वर्षे उलटल्यावर. रूळ डोळ्यांसमोर असूनही भातखाचरे भातखाचरेच राहिली. आज शेजारच्या नगरांकडे नवे लोहमार्ग, मेट्रो आणि हलक्या रुळांची वाहतूक नेण्याची चर्चा सर्वत्र चालू असताना या दीर्घ विलंबाची कारणे तपासणे उपयुक्त ठरेल.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेली, हे सर्वश्रुत आहे. ठाण्याची खाडी ओलांडून व पारसिकच्या डोंगरात बोगदे पाडून १८५४ च्या मे महिन्यात मार्ग कल्याणपर्यंत पोचला. कल्याणास त्याला दोन फाटे फुटले. एक ईशान्येस थळ घाटाकडे गेला. दुसरा आग्नेयेस उल्हास नदीच्या खोऱ्यातून अंबरनाथ, बदलापूर, नेरळ, कर्जत असा पळसदरीवरून घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत १८५६ च्या मे महिन्यात खुला झाला. पुढे १८५८ साली खंडाळा ते पुणे हा टप्पा सुरू झाला. परंतु मधला घाट उतारूंना पालखीतून, तट्टावरून किंवा बैलगाडीतून ओलांडावा लागे. १८६३ साली बोरघाटाचा चढ पूर्ण झाला आणि मुंबई व दख्खन अखंड रुळांनी जोडले गेले.

या मार्गाचा हेतू काय होता, हे कंपनीच्या करारावरून स्पष्ट होते. १८४९ च्या करारानुसार भांडवलावर शेकडा पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती, आणि मार्गासाठी लागणारी जमीनही सरकारने कंपनीस विनामूल्य पुरविली होती. कापूस बंदरात आणावा, विलायती माल वर न्यावा आणि प्रसंगी फौज हलवावी, हे तिचे प्रयोजन. कल्याण ते कर्जत या पट्ट्यातील गावे त्या हिशेबात केवळ वाटेत लागणारी होती. त्यांची जमीन मार्गास हवी होती. तेथील माणसांची प्रवासी म्हणून गणना नव्हती. बदलापूर या नावाची उत्पत्ती येथे घोडे बदलले जात यावरून लोक सांगतात. तीस ऐतिहासिक आधार कितपत आहे हा प्रश्न निराळा; पण वाटेवरचे ठिकाण हीच या भूमीची जुनी ओळख होती, इतके त्या समजुतीतून दिसते. आगगाडीने वाट बदलली, ओळख बदलली नाही.

येथे बार्शी लाइट रेल्वेशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुलाचा हमरस्ता बार्शीसारख्या व्यापारी पेठेस वगळून गेला होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ साली अडीच फूट रुंदीचा हलका मार्ग बांधून ती पेठ हमरस्त्याशी जोडली. आसावर पाच टनांहून अधिक भार न टाकणारी ही गाडी पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ साली मिरज येथपर्यंत गेली. तेथे गावे आधी होती आणि रूळ त्यांच्याकडे गेले. नेरळहून माथेरानवर चढणारी १९०७ ची दोन फुटी गाडीही अशीच एका ठिकाणाकडे जाण्यासाठी जन्मली. कल्याणच्या पलीकडे क्रम उलटा पडला. तेथे अवजड हमरस्ता प्रथम आला आणि त्यावर बसण्याजोगे नगर फार उशिरा. मुंबईच्या ट्रामला तर बेटाबाहेरच्या शेजाऱ्यांकडे जाण्याचा योगच आला नाही. १८७४ साली घोड्यांनी सुरू झालेली, १९०७ पासून विजेवर चालणारी ही वाहतूक ३१ मार्च १९६४ रोजी बंद पडली, तेव्हाही ती बेटाच्या मर्यादेतच होती. त्यामुळे मुंबईच्या शेजारच्या वस्त्यांना हलक्या रुळांचा पर्याय मिळाला नाही. जे काही मिळायचे ते हमरस्त्याच्याच उरलेल्या वेळेतून मिळायचे, असे ठरून गेले.

कल्याणपलीकडे नागरी वस्ती प्रथम जमली ती कारखान्यांमुळे आणि युद्धामुळे. शके ९८२ च्या शिलालेखामुळे प्रसिद्ध असलेल्या शिलाहारकालीन शिवालयाच्या अंबरनाथास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आगपेट्यांचा कारखाना आला, पुढे दारूगोळ्याचा व यंत्रसामग्रीचा सरकारी कारखाना आला. मालाची ने-आण करण्यास जंक्शन जवळ, वाळधुनी व उल्हास या नद्यांचे पाणी हाताशी आणि जमीन स्वस्त, अशी ती सोय होती. दुसऱ्या महायुद्धात कल्याण जंक्शनजवळ लष्कराची विस्तीर्ण छावणी उभारली गेली, तिचेही कारण लोहमार्ग हेच होते. फाळणीनंतर या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेले सुमारे एक लाख निर्वासित वसविले गेले आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी क्रमांकांनी ओळखली जाणारी ही वस्ती म्हणजे कल्याणपलीकडचे पहिले मोठे नगर होय. ते लोहमार्गाने घडविले असे म्हणण्यापेक्षा, लोहमार्गासाठी जी जागा निवडली गेली होती तिच्यावर इतिहासाने ते आणून टाकले, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

बेलवली या दोन्ही प्रवाहांपासून दूर राहिली. अंबरनाथ स्थानक मुंबईपासून सुमारे ६० किलोमीटरवर आणि बदलापूर ६८ किलोमीटरवर आहे. मुंबईच्या बेटावर दीड-दोन किलोमीटरांवर स्थानक लागते. येथे जवळजवळ आठ किलोमीटरांत एकही थांबा नव्हता. कल्याण ते पुणे या मार्गाचे विद्युतीकरण १९२९ साली झाले, तेही प्रामुख्याने घाटाची चढण आणि लांब पल्ल्याच्या गाड्या लक्षात घेऊन. विजेच्या तारा आल्या म्हणून उपनगर आले नाही. लोहमार्गाचा विस्तार हा शब्द तीन भिन्न गोष्टींना लावला जातो, ही बाब इतिहासलेखक पुष्कळदा विसरतात. रूळ पोचणे हा एक विस्तार, गाडी ठरावीक वेळांनी थांबू लागणे हा दुसरा, आणि रोज जाऊन येण्याचे भाडे सामान्य पगारात बसणे हा तिसरा. बेलवलीस पहिला १८५६ साली लाभला. दुसरा व तिसरा लाभेपर्यंत देशात दोन राज्ये बदलली.

तिसऱ्या विस्ताराचे साधन म्हणजे मासिक पास. रेल्वेने उपनगरी पासाचे दर खर्चाच्या मानाने फार कमी ठेवले. मुंबईत घर घेणे ज्यास अशक्य होते अशा गिरणी कामगारास, कारकुनास व शिक्षकास त्यामुळे अंतर विकत घेता येऊ लागले. घराची किंमत आणि पासाची किंमत यांची बेरीज ज्या स्थानकावर सर्वांत कमी भरेल तेथे कुटुंब उतरू लागले. प्रथम हे स्थानक डोंबिवली होते, मग कल्याण, मग अंबरनाथ, आणि शेवटी बदलापूर. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या जवळ गेली. त्याच काळात उल्हासनगर पाच लाखांवर व अंबरनाथ अडीच लाखांवर पोचले. १९८३ साली कल्याण महानगरपालिकेत समाविष्ट झालेली ही गावे १९९० नंतर पुन्हा वेगळी झाली, आणि बेलवली आता कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत मोडते. शासनाच्या सीमा दोनदा बदलल्या. लोकांना मात्र आपला पत्ता सांगताना पूर्व की पश्चिम हे आधी सांगावे लागते. रुळांनी केलेली ही विभागणी कोणत्याही नगररचनेच्या नकाशाहून बळकट ठरली आहे.

नवी मुंबईशी येथील वाढीचा विरोधाभास बोलका आहे. मानखुर्द ते वाशी हा मार्ग १९९२ साली सुरू झाला तेव्हा त्याच्या खर्चाचा सुमारे दोन तृतीयांश भार सिडकोने उचलला होता. स्थानकाभोवतालची जमीन सिडकोच्याच ताब्यात असल्याने मार्गामुळे वाढलेले मोल काही अंशी मार्गाच्याच खर्चास परत मिळाले. कल्याणपलीकडे अशी कोणतीही संस्था नव्हती. रूळ जुने, सरकारी आणि आयते होते. जमीन शेतकऱ्यांची होती. ती तुकड्यातुकड्यांनी विकली गेली. वाढलेल्या मोलाचा मोठा वाटा मधल्या व्यवहारांत गेला आणि गर्दीचा सर्व भार रेल्वेवर व प्रवाशावर पडला. ज्या शेतकऱ्याच्या पूर्वजाची जमीन एकदा कंपनीसाठी गेली होती त्याच्याच वंशजाने दुसऱ्यांदा जमीन देऊन इमारतीत एक सदनिका पत्करली, असे घडले असल्यास त्यात आश्चर्य मानण्यासारखे काही नाही.

या भाराचे स्वरूप रुळांच्या संख्येवरून कळते. मुंबईहून कल्याणपर्यंत कोठे चार, कोठे सहा मार्ग आहेत. ठाणे-दिवा दरम्यानचे पाचवे व सहावे मार्ग २०२२ साली पूर्ण झाले. कल्याणहून आग्नेयेस मात्र दीर्घकाळ दोनच मार्ग राहिले. त्यांवरूनच उपनगरी गाडी, पुण्याकडची व दक्षिणेकडची जलद गाडी आणि मालगाडी अशा तिघींना वाट काढावी लागे. एक इंजिन बिघडले की कर्जतपर्यंत सर्व खोळंबा. जागा मिळविण्यासाठी अंबरनाथ-उल्हासनगरचे प्रवासी उलट दिशेने बदलापूरपर्यंत येऊन तेथूनच सुटणाऱ्या गाडीत बसून परत फिरतात, आणि त्यावरून बदलापूरकरांशी त्यांची रोजची बोलाचाली होते. ही गोष्ट वरवर विनोदी वाटली तरी दोन शेजारी नगरे एका अपुऱ्या साधनासाठी कशी एकमेकांसमोर उभी राहतात याचे ते अस्सल उदाहरण आहे. याची किंमत कधी कधी प्राणांनी द्यावी लागते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दाटीने भरलेल्या गाड्यांतून पडून काही प्रवासी मृत्युमुखी पडले.

नदीचा प्रश्न निराळाच. खोऱ्याच्या सखल भागातून मार्ग नेणे १८५६ साली स्वस्त होते. पण उल्हास नदी आपली जागा विसरलेली नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने हा पट्टा पाण्याखाली घातला. २७ जुलै २०१९ रोजी मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुरात अडकली आणि सुमारे हजारभर उतारूंना बोटींच्या साहाय्याने बाहेर काढावे लागले. बदलापूरच्या पश्चिमेकडील नदीकाठच्या वस्त्यांना हा अनुभव नवा नव्हता. भाताचे पीक पाण्यात उभे राहू शकते. तळमजल्याचे घर राहू शकत नाही.

सुधारणेचे उपाय दोन दिशांनी आले. पहिला जुन्याच मार्गाचा. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ३-अ या टप्प्यास केंद्र शासनाने २०१९ साली मान्यता दिली. त्यात कल्याण ते बदलापूर सुमारे १४ किलोमीटरांचे तिसरे व चौथे मार्ग आहेत. त्याच पट्ट्यात अंबरनाथ व बदलापूर यांच्या मधोमध चिखलोली येथे नवे स्थानक योजिले आहे. आठ किलोमीटरांचे अंतर मध्ये तोडले जाणार, ही गोष्ट नकाशावर लहान दिसते. परंतु पहिली आगगाडी गेल्यापासून या दोन स्थानकांमधील वस्तीस थांबा देण्याचा विचार इतक्या उशिरा व्हावा, यातच येथील इतिहासाचे सार आहे. दुसरा उपाय मेट्रोचा. ठाण्याहून भिवंडीमार्गे कल्याणकडे येणाऱ्या पाचव्या मार्गिकेची पायाभरणी २०१८ च्या डिसेंबरात झाली आणि तिचा विस्तार उल्हासनगरपर्यंत नेण्याची मागणी पुढे आली. कांजूरमार्गाहून नवी मुंबईच्या बाजूने अंबरनाथ-बदलापूरकडे येणारी, चाळीस किलोमीटरांच्या आतबाहेर लांबीची चौदावी मार्गिका मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने आखली. ठाणे शहरात तर मेट्रोऐवजी हलक्या रुळांची वाहतूक आणावी असा विचार काही काळ झाला आणि शेवटी वर्तुळाकार मेट्रोस २०२४ साली केंद्राची मान्यता मिळाली.

चौदाव्या मार्गिकेची आखणी जुन्या मार्गास समांतर नाही, ही तिची खरी महत्त्वाची बाजू होय. बदलापूरहून मुंबईकडे जाण्यास १८५६ पासून एकच वाट आहे : कल्याण, ठाणे आणि मग बेट. डोंगराच्या पलीकडे घणसोली-महापे हा उद्योगपट्टा सरळ रेषेत जवळ असूनही तेथे जाण्यास प्रवाशाला कल्याण-ठाण्याचा वळसा घालावा लागतो. कंपनीने डोंगर टाळून खोरे धरले ते इंजिनाच्या शक्तीची मर्यादा ओळखून. ती मर्यादा गेल्यावरही वाट तीच राहिली. मात्र या मार्गिकेचे भाडे मासिक पासाच्या प्रमाणात बसणार नसेल, तर तिचा उपयोग ज्यांना रेल्वेची गर्दी टाळणे परवडते त्यांनाच होईल, आणि पासावर जगणारे नगर जुन्याच रुळांवर राहील. वर सांगितलेल्या तीन विस्तारांपैकी तिसऱ्याचा हिशेब मेट्रोच्या चर्चेत सर्वांत कमी ऐकू येतो.

२०२५ च्या नोव्हेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने बदलापूर ते कर्जत या ३२ किलोमीटरांच्या पट्ट्यातही तिसऱ्या व चौथ्या मार्गांस मान्यता दिली. म्हणजे बदलापूर हे चौपदरी मार्गाचे शेवटचे टोक राहणार नाही; वांगणी, शेलू, नेरळ या गावांकडे घराच्या शोधात निघालेल्या कुटुंबांची रांग पुढे सरकेल. जमिनीचे व्यवहार तेथे रुळांच्या आधीच पोचले आहेत. बेलवलीत हा क्रम पुरा व्हायला सव्वाशे वर्षे लागली होती. वांगणीत तो किती वर्षांत पुरा होतो, हे तेथील भातखाचरांची मोजणी पुढच्या जनगणनेच्या आकड्यांशी लावून पाहावे लागेल.