मायक्रोमाउस स्पर्धा

मायक्रोमाउस स्पर्धा : पूर्वी न पाहिलेल्या भूलभुलैयात स्वतः वाट शोधून मध्यभागी पोहोचणारे व शोधलेल्या वाटेने पुन्हा कमीत कमी वेळात धावणारे लहान स्वयंचल यंत्र तयार करण्याची अभियांत्रिकी स्पर्धा. या यंत्रावरच विद्युत् घटमाला, चलित्रे, संवेदक व संगणक बसविलेले असतात आणि धाव सुरू झाल्यावर त्याला बाहेरून कोणतीही सूचना देता येत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेत जाहीर झालेली ही स्पर्धा पुढे यूरोप व आशियातील तांत्रिक महाविद्यालयांत रुजली. यंत्रमानव व बुद्धिमान प्रणाली यांचे शिक्षण पुष्कळ विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकाच्या आधी या खेळातून मिळाले. तिच्या नियमांत वेळोवेळी झालेले बदल पाहिले म्हणजे यंत्राची हुशारी नेमकी कशात मानावयाची, याविषयी अभियंत्यांचे मत कसे बदलत गेले हेही कळते.

भूलभुलैयातून वाट काढण्याचा प्रश्न यंत्रांहून पुष्कळ जुना आहे. ग्रीक पुराणकथेतील थीसिअस दोऱ्याच्या साहाय्याने परतला. आपल्याकडील अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरणे ठाऊक होते, बाहेर पडणे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच गणितज्ञांनी या प्रश्नाला पद्धतशीर उत्तरे दिली. तथापि तो यंत्राकडे सोपविण्याचा गाजलेला प्रयोग १९५० मध्ये झाला. माहिती सिद्धांताचे जनक क्लॉड शॅनन (१९१६–२००१) यांनी त्या वर्षी बेल टेलिफोन प्रयोगशाळेत असताना ‘थीसिअस’ नावाचा एक यांत्रिक उंदीर तयार केला. पंचवीस चौकटींच्या पटावरील आडभिंती हव्या तशा हलविता येत. तांब्याच्या मिशा असलेला हा उंदीर भिंतींवर आपटत, मागे फिरत अखेर लक्ष्यापर्यंत पोहोचे. दुसऱ्या खेपेस मात्र तो एकदाही न चुकता सरळ जाई. भिंती बदलल्या, तर बदललेल्या भागापुरते तो पुन्हा शिके.

पाहणाऱ्यांना हे सर्व उंदराचे कर्तृत्व वाटे. वस्तुतः उंदराच्या पोटात केवळ एक लोहचुंबक होता. त्याला ओढणारा विद्युत् चुंबक पटाखाली फिरे आणि प्रत्येक चौकटीतून अखेरच्या वेळी कोणत्या दिशेने बाहेर पडलो, ही आठवण दूरध्वनी केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या रिलेंच्या मंडलात साठविली जाई. म्हणजे उंदीर पटावर आणि त्याची बुद्धी पटाखाली, अशी विभागणी होती. ती बुद्धी उंदराच्या पाठीवर चढविण्यास आणखी सुमारे पंचवीस वर्षे लागली.

एका लहान चकतीवर संपूर्ण प्रक्रियक मावू लागल्याने हे शक्य झाले. १९७१ मध्ये पहिला व्यापारी सूक्ष्मप्रक्रियक बाजारात आला आणि दशकाच्या मध्यापर्यंत आठ बिटांचे सूक्ष्मप्रक्रियक हौशी माणसाच्याही आवाक्यात आले. विद्युत् व इलेक्ट्रॉनीय अभियंत्यांच्या अमेरिकन संस्थेच्या ‘स्पेक्ट्रम’ या नियतकालिकाने १९७७ मध्ये स्वतःच वाट शोधणाऱ्या यंत्रांची स्पर्धा जाहीर केली. काही हजार लोकांनी उत्साहाने नावे नोंदविली. १९७९ मध्ये न्यूयॉर्क येथील अंतिम फेरीत उतरलेली यंत्रे मात्र पंधराच्या आसपास होती. कागदावरील योजना आणि जमिनीवर चालणारे यंत्र यांतील अंतर एवढ्या आकड्यांवरूनही कळते.

या फेरीत संयोजकांना अनपेक्षित असा प्रकार घडला. भूलभुलैयाचे प्रवेशद्वार व बाहेर पडण्याचे दार ही दोन्ही बाहेरच्या कडेवर होती. अशा रचनेत एका बाजूच्या भिंतीला चिकटून चालत राहिले, तर आज ना उद्या दार सापडतेच. नकाशा करण्याची वा काही लक्षात ठेवण्याची आवश्यकता नसते. केवळ भिंत धरून वेगाने पळणाऱ्या, स्मृतिहीन यंत्राने शिकणाऱ्या यंत्रांना वेळेत मागे टाकले. ही फसवणूक होती असे म्हणता येणार नाही. विचारलेल्या प्रश्नाचे सर्वांत स्वस्त उत्तर त्या यंत्राच्या कर्त्याने दिले होते. प्रश्न विचारण्यातच चूक झाली होती.

ती चूक यूरोपात दुरुस्त झाली. इंग्लंडमधील पोर्ट्‌स्मथ पॉलिटेक्निकमधील जॉन बिलिंग्झली यांनी १९८० मध्ये लंडन येथे यूरोमायक्रो परिषदेच्या निमित्ताने जी स्पर्धा भरविली, तिच्यात लक्ष्य भूलभुलैयाच्या मध्यभागी नेण्यात आले. मध्यभागाभोवतीच्या भिंती बाहेरच्या भिंतींना जोडलेल्या नसतील, तर भिंत धरून चालणारे यंत्र जन्मभर प्रदक्षिणाच घालीत राहते. या एका बदलाने नकाशा करणे अपरिहार्य झाले. १६ × १६ चौकटी, १८ सेंमी. बाजूची प्रत्येक चौकट व ५ सेंमी. उंचीच्या भिंती हे माप पुढे रूढ झाले. त्याच वर्षी जपानमध्येही राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. १९८५ मध्ये त्सुकूबा येथील जागतिक प्रदर्शनाच्या वेळी झालेल्या जागतिक स्पर्धेत ‘नोरिको-१’ हे जपानी यंत्र पहिले आले.

वाट शोधण्यासाठी बहुतेक यंत्रे जी रीत वापरतात ती ‘पूर भरणे’ या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. मध्यावर पाणी ओतले तर ते चौकटीमागून चौकट व्यापत जाईल, तसे मध्याला शून्य, त्याच्या शेजारच्या चौकटींना एक, त्यांच्या शेजारी दोन असे आकडे दिले जातात. यंत्र नेहमी कमी आकड्याच्या शेजारी चौकटीकडे वळते. नवी भिंत आढळताच सर्व आकडे पुन्हा मांडते. येथे एक बारकावा ध्यानात घेण्याजोगा आहे. न पाहिलेल्या जागी भिंत नाहीच, असे हे यंत्र गृहीत धरते. हा आशावाद पुष्कळदा खोटा ठरतो. परंतु तो नसेल तर यंत्र जागचे हलणार नाही. या रीतीचे मूळ स्पर्धेपूर्वीचे आहे. एडवर्ड मूर यांनी १९५९ मध्ये व सी. वाय्. ली यांनी १९६१ मध्ये ती प्रसिद्ध केली होती. ली यांच्यापुढील प्रश्न विद्युत् मंडलांत जोडणीचे मार्ग आखण्याचा होता. अशा रीतीने उपयोजित संशोधनातील एक साधन विद्यार्थ्यांच्या हाती खेळणे म्हणून आले.

वाट सापडणे हा प्रश्न १९८० नंतरच्या काही वर्षांतच बहुतांशी सुटला आणि खरी अडचण दुसरीकडे असल्याचे दिसून आले. यंत्राला आपण कोठे आहोत हेच नीट कळत नसे. चाक किंचित घसरले, जमिनीच्या फळ्यांच्या सांध्यावर धक्का बसला, घटमालेचा दाब उतरला, की मनातील नकाशा व पायाखालची जमीन यांत फरक पडे. नव्वद अंशांच्या वळणात दोन अंशांची चूक झाली, तर चार चौकटी पुढे यंत्र भिंतीवर आदळे. सुरुवातीच्या कित्येक यंत्रांचे संवेदक पंखांसारखे बाहेर काढलेले असत व ते भिंतींचे माथे वरून पाहत. पुढे अवरक्त किरण भिंतीच्या अंगावर टाकून परावर्तित प्रकाशावरून अंतर ठरविण्याची पद्धत आली आणि यंत्र बुटके व हलके झाले. टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या चलित्रांची जागा चाकाचे फेरे मोजणाऱ्या साधनासह चालणाऱ्या एकदिश प्रवाहाच्या चलित्रांनी घेतली. मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेतील डेव्हिड ऑटन यांच्या यंत्रांनी नागमोडी वाट तिरकी कापून जाण्याचे कौशल्य दाखविले. ते साधण्यासाठी यंत्राची रुंदी, गुरुत्वमध्य व संवेदकांच्या दिशा या सर्वांचाच नव्याने विचार करावा लागे.

अभियांत्रिकी शिक्षणाच्या दृष्टीने या स्पर्धेचे महत्त्व येथेच आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. विद्युत्, यंत्र व संगणक या शाखा महाविद्यालयात निरनिराळ्या इमारतींत शिकविल्या जातात. भूलभुलैयात मात्र त्यांच्यातील भिंती टिकत नाहीत. आज्ञावली निर्दोष असूनही टायर गुळगुळीत असल्यास यंत्र हरते आणि या दोहोंपैकी दोष कोणाचा, हे शोधण्यास तीनही शाखांतील विद्यार्थ्यांना एका टेबलाभोवती बसावे लागते. परीक्षेतील उत्तरपत्रिकेला चुकीच्या उत्तरासाठीही रीतीचे काही गुण मिळतात. कोपऱ्यात अडकलेल्या यंत्राला ते मिळत नाहीत, उलट त्याला हाताने उचलल्यास दंड होतो.

सर्वांत जवळची वाट ही सर्वांत जलद वाट असतेच असे नाही, हाही धडा विद्यार्थी येथे शिकतो. २०१७ च्या अखिल जपान स्पर्धेत ‘रेड कॉमेट’ या यंत्राने लांबची परंतु कमी वळणांची वाट निवडून विजय मिळविला. २०११ मध्ये सिंगापूरच्या इंग बेंग कियात यांच्या यंत्राने जपानमधील स्पर्धेत ३·९२१ सेकंदांत धाव पूर्ण केली होती. त्यानंतर यंत्राखालची हवा पंख्याने ओढून त्याला जमिनीशी दाबून धरण्याची युक्ती प्रचारात आली व वळणावरील घसरण पुष्कळच कमी झाली. चौकटी निम्म्या मापाच्या व संख्येने अधिक असलेला, ३२ × ३२ चौकटींपर्यंतचा प्रकार जपानने २००९ मध्ये सुरू केला.

भारतात मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील ‘टेकफेस्ट’ या विद्यार्थी महोत्सवात मायक्रोमाउसची स्पर्धा भरविण्यात आली आहे. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना अधिक परिचित असलेली भगिनी-स्पर्धा म्हणजे आशिया-पॅसिफिक विभागातील नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थांच्या संघाने २००२ पासून चालविलेली ‘रोबोकॉन’ होय. तिची आंतरराष्ट्रीय फेरी २००८ व २०१४ मध्ये पुणे येथे झाली. २००८ च्या फेरीचा विषय दहीहंडी हा होता. गोविंदांची जागा यंत्रांनी घेतली होती आणि उंचावरील मडक्यांतील लोणी काढणे हे त्यांचे काम होते. त्या स्पर्धेतील काही यंत्रे माणूस चालवितो; मायक्रोमाउसला ती सवलत नाही.

या स्पर्धेवर आक्षेपही घेतले गेले आहेत. चौकटींचे माप, भिंतींचा रंग व काटकोनातील वळणे आधीच ठाऊक असल्याने हे जग फारच शिस्तशीर आहे आणि त्यात मिळविलेले यश बाहेर उपयोगी पडेलच असे नाही. काही ठिकाणी तयार संच विकत घेऊन त्यांत थोडीफार आज्ञावली भरण्याची प्रथा पडली आहे. तेथे तर शिकण्याचा भाग जवळजवळ संपतोच. पहिला आक्षेप बिलिंग्झली यांच्या पुढील कार्याच्या संदर्भात पाहण्यासारखा आहे. १९९२ मध्ये ते ऑस्ट्रेलियात सदर्न क्वीन्सलँड विद्यापीठात गेले व कापसाच्या शेतातील ओळी कॅमेऱ्याने पाहून ट्रॅक्टर सरळ चालविणाऱ्या यंत्रणेवर त्यांनी संशोधन केले. तेथे भिंती नव्हत्या. ओळींत खाडे होते, तण माजलेले होते आणि उन्हाबरोबर सावल्या सरकत होत्या. एका ओळीवर भरवसा न ठेवता शेजारच्या ओळी एकदम पाहून त्यांवरून ट्रॅक्टरची जागा ठरविण्याचा मार्ग या कामी अवलंबिण्यात आला.