गोळी कुणाची? माहीमच्या किनाऱ्यावरून शिशाचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या, ते आम्ही पाहिलं. तोफांवर बोला, तलवारींवर बोला, शिशाच्या गोळीवर काय बोलणार? पण आपण किल्ले पाहायला जातो तेव्हा तोफेशेजारी उभं राहून फोटो काढतो, दारूकोठार शोधतो, आणि एक प्रश्न विचारायचा राहून जातो: बंदुकीत घालायचं शिसं यांनी आणलं कुठून? आमचं म्हणणं थोडक्यात असं की, या प्रांतात बंदुकीचा खरा मालक कोण, हे बंदुकीवरून नव्हे, गोळीवरून ठरत गेलं. पिस्तुलासारख्या छोट्या हत्याराच्या हलक्या गोळीत तर हे फार स्पष्ट दिसतं.

आधी गोळी कशी होते ते पाहू. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणजे लोखंडासारखी भट्टी लागत नाही. कोळशाचा विस्तव आणि लोखंडी पळी पुरते. दोन पाकळ्यांचा साचा घ्यायचा, तोंडातून रस ओतायचा, क्षणभर थांबून साचा उघडायचा, वर राहिलेलं शेपूट कापून टाकायचं. झाली गोळी. ठासणीच्या काळात प्रत्येक बंदुकीच्या नळीचं माप थोडं वेगळं असायचं, त्यामुळे बंदुकीबरोबर तिचा साचाही ठेवावा लागे. बंदूक घडवायला कसबी कारागीर हवा, पण गोळी शिपायाला स्वतः ओतता येई.

गोळीचं माप मिलिमीटरमध्ये सांगायची पद्धत नंतरची. जुनी पद्धत मोजणीची होती. ‘बारा बोअर’ हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलाय. त्याचा अर्थ एवढाच की, एका रतल शिशात त्या नळीच्या बारा गोळ्या होतात. आकडा वाढला की गोळी लहान. आम्ही साधा हिशोब करून पाहिला. १८ मिलिमीटरची बंदुकीची गोळी भरते सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे तीन तोळे. १२ मिलिमीटरची पिस्तुलाची गोळी भरते १० ग्रॅमच्या आसपास, तोळ्याहून थोडी कमी. ८० तोळ्यांचा पक्का शेर धरला, तर एका शेरात बंदुकीच्या सत्तावीस गोळ्या होतात आणि पिस्तुलाच्या नव्वद.

पिस्तुलाची गोळी हलकी का, तर शिसं वाचवायला नव्हे. हत्यार एका हातात धरायचं, दुसऱ्या हातात घोड्याचा लगाम. जड गोळीचा झटका मनगट सोसत नाही. नळी वीतभर, त्यामुळे जास्त दारू घातली तरी ती नळीत पुरती जळत नाही, तोंडाशी नुसता भडका उडतो. म्हणून थोडी दारू, हलकी गोळी, कमी पल्ला. हे गणित पुढे उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवा.

आता मूळ प्रश्न. सह्याद्री आहे काळ्या पाषाणाचा, लाव्हारसाचा. त्यात शिशाच्या खाणी नाहीत. उत्तरेत मेवाडात जावरला जुन्या खाणी होत्या, पण त्या लांब आणि परक्या राज्यात. आपल्या किनाऱ्याला शिसं मुख्यतः समुद्रातून यायचं. विलायतेहून सुरतेला येणाऱ्या इंग्रज कंपनीच्या जहाजांत लोकरी कापड आणि शिसं हे नेहमीचे जिन्नस असत. म्हणजे ज्याच्याशी उद्या लढायचं, त्याच्याच वखारीतून आज माल घ्यायचा.

शिवाजी महाराजांना हे पुरतं ठाऊक होतं. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवला आणि स्वतः तिथे जाऊन तोफा डागल्या. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केलं. याचा अर्थ आम्ही असा लावतो की, दारूगोळ्याचा व्यापारी तटस्थ नसतो, हे त्याला दाखवून देणं भाग होतं. पण म्हणून टोपीकरांशी खरेदी थांबली असं नाही. कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म लिहितो की, १६७३ च्या सुमारास महाराजांनी सुरतेच्या फ्रेंच वखारीच्या प्रमुखाकडून ऐंशी तोफा घेतल्या आणि आपल्या सगळ्या बंदुकांना पुरेल इतकं शिसंही घेतलं. यादीत तोफांच्या बरोबरीने शिसं आहे, हे महत्त्वाचं. इंग्रज देईना तर फ्रेंचांकडून, फ्रेंच देईना तर आणखी कुणाकडून. एकाच दुकानदाराच्या उधारीत अडकायचं नाही.

रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचं. त्यात गडावरची दारू दमट होऊ नये म्हणून ती वरचेवर बाहेर काढून उन्हात घालण्याची ताकीद आहे. कोकणातल्या पावसात दारू लगेच नासते. शिशाचं तसं नाही. ते कुजत नाही, घरात वर्षानुवर्षं पडून राहतं, आणि झाडलेली गोळी सापडली तर पुन्हा वितळवता येते. म्हणजे दारू करत राहायची वस्तू आणि शिसं साठवायची वस्तू.

आता माहीमकडे येऊ. इथे एक खुलासा करतो, कारण दर वेळी गोंधळ होतो. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत १७३९ साली जे माहीम मराठ्यांनी घेतलं ते केळवे-माहीम, आजच्या पालघर जिल्ह्यातलं. आपलं माहीम तेव्हा इंग्रजांकडे होतं. खाडीच्या पलीकडे वांद्रं आणि साष्टी पोर्तुगीजांची, नंतर मराठ्यांची. अलीकडे माहीमचा किल्ला इंग्रजांचा. म्हणजे हा किल्ला म्हणजे सरहद्दीवरची चौकी आणि जकातनाका.

या चौकीची परीक्षा झाली १६८९ साली. जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान शिवडीला उतरला, माझगाव घेतलं, माहीमही त्याच्या हाती गेलं, आणि इंग्रज मुंबईच्या कोटात कोंडले गेले. त्या वेळी इथे असलेला कप्तान अलेक्झांडर हॅमिल्टन लिहितो की, माझगावचं ठाणं इतक्या घाईने सोडलं की तोफा, दारू आणि गोळे तिथेच राहिले. आयता माल शत्रूच्या पदरात. शेवटी औरंगजेबाची माफी मागून, दीड लाख रुपये दंड भरून, १६९० च्या जूनमध्ये सिद्दी बेटावरून हलला. साठा राखता आला नाही, तर साठा असून उपयोग काय, हा धडा इंग्रजांना इथे मिळाला. पुढे बेटाची तटबंदी आणि कोठारं यांवर त्यांनी जो खर्च केला, त्यामागे ही आठवण होती असं आम्हाला वाटतं.

तरीही एक गोष्ट अजून कुणाच्याच ताब्यात नव्हती: साचा आणि पळी. शिसं विकत घ्यावं लागे, पण गोळी घरी होत असे. ही स्थिती एकोणिसाव्या शतकात बदलली. आधी गोळीचा आकार बदलला. गोल जाऊन लांबट, बुडाशी पोकळ गोळी आली. फ्रान्सच्या मिनिएचं नाव तिला मिळालं. एनफिल्ड रायफलीचं कागदी काडतूस अशाच गोळीचं, आणि त्याच्या चरबीवरून १८५७ साली काय झालं ते सांगायला नको. मग पितळी काडतूस आलं. गोळी, दारू आणि ठिणगी देणारी टोपी, तिन्ही एका डबीत बंद. हे चुलीवर होत नाही, यंत्रं लागतात. १८६९ साली पुण्याजवळ खडकीला सरकारचा दारूगोळा कारखाना निघाला. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांत, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ चा हत्यारांचा कायदा आला.

या कायद्यातली एक व्याख्या आम्हाला फार बोलकी वाटते. परवान्याशिवाय हत्यार नको, हे तर होतंच. पण ‘लष्करी सामान’ म्हणजे काय हे सांगताना शिसं, गंधक आणि सोरा यांची नावं घातलेली आहेत. सरकार ठरवेल त्या भागात हे जिन्नसही कायद्याखाली आणता येतील, अशी तरतूद होती. नुसता धातू, अजून गोळी झालेली नाही, तरी तो संशयित!

मग सरसकट बंदी का नाही घातली? माहीमच्या कोळीवाड्यात याचं उत्तर मिळतं. पागाच्या काठाला शिशाच्या गोळ्या असतात, त्याशिवाय जाळं पाण्यात बसत नाही. तोच धातू, तसंच वितळवणं. शिसं बंद केलं तर मासेमारी बंद. त्यामुळे धातूवर मोकळी नजर आणि काडतुसावर घट्ट मूठ, असा कारभार सोयीचा होता.

ही मूठ किती घट्ट होती ते क्रांतिकारकांच्या इतिहासात दिसतं. १९०७-०८ च्या सुमारास सेनापती बापट पॅरिसला बाँब तयार करण्याची माहिती मिळवत होते. बाँब घरी करता येतो. पिस्तूल आणि त्याचं काडतूस करता येत नाही. म्हणून सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठवली, ती मुंबई बंदरातून आली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर झाडलं ते यांपैकीच. शिवकाळात शिसं समुद्रातून येत होतं. आता तयार काडतूस समुद्रातून येत होतं. अवलंबित्व एक पायरी वर चढलं होतं.

स्वतंत्र भारतात १९५९ चा कायदा आला, पण दारूगोळा बनवायला परवाना हवाच. काही देशांत नेमबाज घरी बसून पिस्तुलाच्या हलक्या गोळ्या ओततात आणि काडतुसं भरतात; आपल्याकडे तो छंद रुजला नाही, त्याचं कारण हा दीडशे वर्षांचा इतिहास. ठासणीची बंदूक मात्र टिकली ती कोकणात. माहीम-दादरच्या चाकरमान्यांच्या गावी आजही शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती सापडेल, आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होईल.

मघाचं हलक्या गोळीचं गणित आठवा. बिनधुराची दारू आली, रायफलींचा वेग वाढला, तेव्हा उघडं शिसं नळीत चिकटायला लागलं आणि गोळीला तांब्याच्या मिश्रधातूचं कवच चढलं. पण जिथे वेग कमी आणि गोळी हलकी, तिथे कवचाची गरज नव्हती. म्हणून खेळाच्या पिस्तुलात शिसं टिकून राहिलं. पॉइंट टू-टूची गोळी साधारण २.६ ग्रॅमची. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१३ चा चँगवॉनचा विश्वचषक आणि २०१८ च्या आशियाई खेळांतलं सुवर्ण जिंकलं, ते २५ मीटर पिस्तुलात, या गोळीने. एअर पिस्तुलाचा साडेचार मिलिमीटरचा छर्रा त्याहून हलका, जेमतेम अर्धा ग्रॅम. त्याचं डोकं चपटं असतं, म्हणजे कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं आणि गुण वाचता येतात.

आपल्या परिसराचं या खेळाशी जवळचं नातं आहे. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीतून अंजली वेदपाठक, म्हणजे आपल्या अंजली भागवत, रायफलीकडे वळल्या. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये घडल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. हत्यार एअर रायफल, छर्रा तोच अर्ध्या ग्रॅमचा. आज शिवाजी पार्कच्या सावरकर स्मारकातही मुलं नेमबाजी शिकतात. साडेचार मिलिमीटरच्या, ठरावीक मर्यादेच्या आतल्या हवेच्या पिस्तुलाला परवाना लागत नाही, म्हणून मुलांची सुरुवात तिथून होते. दीडशे वर्षांच्या कायद्यातून सर्वसामान्य माणसाच्या हाती मोकळं राहिलेलं शिसं ते एवढंच. आणि स्पर्धेच्या दर्जाचे छर्रे आजही बरेचसे जर्मनीहून येतात. मालाचा डबा बदलला, वाट तीच.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो पालकांसाठी आहे. शिसं विषारी आहे. शरीरात ते किती चालतं याची सुरक्षित मर्यादा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम अधिक होतो. शिवकाळात पळीवर वाकलेल्या शिपायाला हे माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे. तेव्हा मुलगी सरावाहून आली की आधी हात साबणाने धुवायला सांगा, मग डबा उघडू द्या. छर्रे तोंडात धरायची सवय कुणाला असेल तर ती मोडा. बंद जागेत सराव असेल तर हवा खेळती आहे का, तळाशी साठलेलं शिसं कोण उचलतं आणि कसं, हे प्रशिक्षकांना विचारायला संकोच करू नका.

शिशावर ताबा कुणाचा, हा प्रश्न राजांनी विचारला, कंपनीने विचारला, कायद्याने विचारला. आपल्या वाट्याला प्रश्न आलाय तो जबाबदारीचा. एवढं बोलून आम्ही थांबतो. ज्यांच्या गावी ठासणीची बंदूक किंवा जुना साचा घरात आहे, त्यांनी त्याबद्दल जरूर बोलावं. असे साचे मोडीत गेले की त्यांच्याबरोबर मापंही जातात.