श्वान वसतिगृह

श्वान वसतिगृह (प्रचलित नाव डॉग बोर्डिंग) म्हणजे मालक परगावी असताना पाळीव कुत्र्याला शुल्क घेऊन मुक्कामी सांभाळणारी व्यवस्था होय. केवळ दिवसा सांभाळ करणाऱ्या पाळणाघरापेक्षा ती वेगळी आहे. एकत्र कुटुंबात कुत्र्याकडे पाहणारे कोणी ना कोणी घरी असते. सदनिकेत राहणाऱ्या लहान कुटुंबाला ही सोय नसते. मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी या काळात अशा सेवेची गरज विशेष भासते.

प्रकार

स्वतंत्र पिंजरे किंवा खोल्या असलेले केनेल, सांभाळणाऱ्याच्या घरी मुक्काम आणि मालकाच्याच घरी येऊन राहणारा सांभाळकर्ता असे याचे मुख्य प्रकार आहेत. वयस्क, अंध किंवा परक्या कुत्र्यांना बुजणाऱ्या प्राण्यासाठी तिसरा प्रकार सहसा सोयीचा ठरतो, कारण त्यात जागा, वास आणि जेवणाची वेळ बदलत नाही.

रात्रीची देखरेख

निवड करताना पोहण्याचा तलाव, खेळाचे मैदान यांकडे लक्ष वेधले जाते; प्रत्यक्षात रात्री आवारात माणूस झोपायला असतो की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड यांसारख्या खोल छातीच्या मोठ्या जातींत जठर फुगून त्याला पीळ पडण्याचा विकार आढळतो. पोट फुगते, कुत्रा वारंवार उलटीचा प्रयत्न करतो, पण बाहेर काही पडत नाही. तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. कॅमेरा बसवलेला असला, तरी त्याकडे पाहणारे कोणी जागेवर नसेल तर या प्रसंगी त्याचा उपयोग नाही. पग, बुलडॉग अशा आखूड नाकाच्या जातींना उष्णता लवकर बाधते. त्यामुळे उन्हाळ्यात वीज गेल्यावर पंख्याची पर्यायी सोय काय, हेही विचारणे आवश्यक ठरते. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेली कुत्री फट सापडेल तेथून पळ काढतात. कुंपणाची उंची, दुहेरी दार आणि गळपट्ट्यावरील दूरध्वनी क्रमांक या बाबी तेव्हा कसोटीला लागतात.

नव्या जागी काही कुत्री अन्न सोडतात, सतत भुंकतात किंवा दार ओरबाडतात. दीर्घ मुक्कामापूर्वी एका रात्रीचा प्रयोग केल्यास हे आधीच कळते. नेहमीचे खाद्य सोबत दिल्याने अपचन आणि जुलाब बहुधा टळतात.

संसर्ग व लसीकरण

अनेक कुत्री एकत्र आल्याने संसर्गाचा धोका वाढतो. केवळ रेबीजची लस पुरेशी नसते. डिस्टेंपर, पार्वो, यकृतदाह व लेप्टोस्पायरोसिस यांवरील लसीही घेतलेल्या असाव्या लागतात. केनेल कफ या संसर्गजन्य खोकल्यावर वेगळी लस आहे. लसीचा प्रभाव निर्माण होण्यास काही दिवस लागत असल्याने प्रवासाच्या आदल्या दिवशी ती टोचून घेणे निरुपयोगी ठरते.

पार्वो विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला. तो जमिनीवर अनेक महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलने नष्ट होत नाही. त्यासाठी ब्लीचचे द्रावण वापरावे लागते. लागण झाल्यावर लक्षणे दिसण्यास साधारण 3 ते 7 दिवस जातात. म्हणून वसतिगृहात झालेला आजार घरी परतल्यावर उघड होऊ शकतो. गोचिडांमार्फत एहर्लिकियोसिस पसरतो. जे वसतिगृह लसीकरणाचा दाखला मागत नाही, ते इतर कुत्र्यांकडेही तो मागत नसणार, असे समजण्यास हरकत नाही.

कायदेशीर बाजू

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या भारतीय कायद्यातील कलम 11 नुसार, प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे किंवा आखूड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये या व्यवसायासाठी 1963 पासून परवान्याची तरतूद आहे. तेथील 2018 च्या नियमांनुसार परवानाधारकांना तारांकित श्रेणी दिली जाते, तसेच घरगुती मुक्कामात वेगवेगळ्या घरांतील कुत्री एकत्र ठेवण्यासाठी मालकांची लेखी संमती लागते.

मालक व चालक यांच्यातील करारपत्रात औषधांच्या मात्रा, नेहमीच्या पशुवैद्यकाचे नाव आणि उपचारखर्चाची मर्यादा नोंदवली जाते. मालक विमानप्रवासात असल्यास शस्त्रक्रियेला संमती कोणी द्यायची, याचाही उल्लेख त्यात असावा लागतो.